दहा-सोळाची नळी

नळीला दोन मापं असतात, एक आतलं आणि एक बाहेरचं. पाणी किती वाहणार हे आतल्या मापावर ठरतं, नळी कुठून जाऊ शकेल हे बाहेरच्या मापावर, आणि वळताना ती मोडणार की नाही हे दोन्हींच्या मध्ये जी भिंत उरते तिच्यावर. हे सगळं मला त्या एप्रिलमध्ये पाठ झालं. सांगलीला ताईच्या घरी, पूर्वी धान्य ठेवायच्या खोलीत, मी अकरा दिवस याच एका प्रश्नापुढे बसून होतो. तिचा कॉम्प्युटर पाण्याने थंड करायचा, तर नळी कुठल्या मापाची घ्यायची?

त्या खोलीला घरातले सगळे अजून कोठीच म्हणायचे. खिडकी नव्हती. छताजवळ एक झरोका होता, तो मागच्या बोळात उघडायचा. एका भिंतीवर शेंगांच्या पोत्यांनी पाडलेले डाग तसेच होते. टेबल, खुर्ची आणि कॅबिनेट मावलं की खोली संपायची. खुर्ची मागे सरकवली की दाराला लागायची, त्यामुळे दार उघडायचं तर आधी उठायचं, खुर्ची टेबलाखाली ढकलायची, मग कडी काढायची. ताई तिथे बसून लग्नांचे व्हिडिओ एडिट करायची. गावातला एक फोटोग्राफर शूटिंग आणून द्यायचा आणि ती तीन दिवसांच्या गोंधळातून दीड तासाचं लग्न काढायची. रडणाऱ्या आईवर कॅमेरा किती वेळ ठेवायचा आणि कधी काढायचा हे हिला बरोबर कळतं, असं तो फोटोग्राफर म्हणायचा. घरात तिच्याबद्दल असं बोलणारं दुसरं कुणी मी ऐकलं नाही.

शेवटचा व्हिडिओ तयार होताना मशीन तासन्‌तास तापायचं आणि आतले पंखे पिठाच्या गिरणीसारखे ओरडायचे. दार लावलं तर आत भट्टी, उघडलं तर आवाज सगळ्या घरात. शेजारची खोली आक्कांची, म्हणजे ताईच्या सासूबाईंची. त्यांना कानाच्या दुखण्यामुळे चक्कर यायची आणि डॉक्टरांनी गोंगाट टाळायला सांगितलं होतं. शेवटी आण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जेवताना शांतपणे निकाल दिला.

"मशीन घरात राहू दे की, मला काय हाय? पन आवाज बंद व्हायला पायजे. अक्षय तृतीयेपत्तुर बघू. न्हाई झाला तर दुकानाच्या माळ्यावर नेऊन ठेवू. तिथं कितीबी बोंबलू दे."

ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं त्यांचं दुकान कुपवाडच्या रस्त्याला, घरापासून लांब. घर जैन, जेवण सूर्य मावळायच्या आत. म्हणजे चारच्या पुढे ताई ओट्याशी हवी, कारण आक्कांना शेगडीपुढे उभं राहवत नव्हतं. सकाळचं सगळं आवरून दुकानाच्या माळ्यावर जायचं आणि चारच्या आत परत यायचं, तर मध्ये उरतं काय? मशीन माळ्यावर गेलं की काम संपलं, हे ताईला त्याच ताटावर कळलं. आण्णांनी तिच्या कामाला नाही म्हटलं नव्हतं. कुणीच म्हटलं नव्हतं. त्यामुळे भांडायला काही सापडत नव्हतं.

आमच्या साताऱ्याच्या घरात भांडायला नेहमीच काहीतरी सापडायचं. आमचे बाबा समाजसुधारणेची पत्रकं काढतात. मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवरून. 'बंधू-भगिनींनो' हा मला वाचता आलेला पहिला लांब शब्द. संध्याकाळी मी आणि ताई पत्रकांच्या घड्या घालायचो, आणि घडी वाकडी पडली की बाबा म्हणायचे, विचार सरळ असेल तर कागदही सरळ दुमडावा. ताईने दुसऱ्या समाजातला मुलगा निवडला तेव्हा बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या नोंदणी विवाहाचंच एक पत्रक काढलं आणि राजवाड्यापुढे उभं राहून स्वतः वाटलं. ताईचं लग्न हे बाबांचं सगळ्यात गाजलेलं पत्रक. एकदा वाटलेलं पत्रक परत गोळा करता येत नाही. त्यामुळे 'मला इथे कोंडल्यासारखं होतंय' हे वाक्य ताई साताऱ्याला फोनवर बोलू शकत नव्हती. लग्न फसलं असतं तर तिचं एकटीचं लग्न पडलं नसतं, बाबांचा अख्खा सिद्धांत पडला असता.

ती मला फोनवर एवढंच म्हणाली, "तू ते पाण्याने थंड करायचं काहीतरी सांगत होतास ना? ये आणि करून दे."

मी साताऱ्यात एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात छोट्या मासिकांत लिहितो. पाण्याच्या थंडाव्याबद्दल मी वाचलं पुष्कळ होतं, केलं एकदाही नव्हतं. हे मी ताईला सांगितलं नाही. पंप, रेडिएटर, फिटिंग असं सगळं मागवलं, हत्यारांची पिशवी घेतली, बाबांनी सांगलीत वाटायला दिलेला पत्रकांचा गठ्ठा घेतला आणि एसटीत बसलो. माझ्या मते मी बहिणीला सोडवायला निघालो होतो.

पहिल्याच जेवणाला मी सुरुवात केली. घरातल्या बाईच्या कामाला काम समजलं जात नाही, तिच्या वेळेला वेळ समजलं जात नाही, असं बरंच बोललो. आण्णा मान डोलवत ऐकत होते. "बराबर हाय," ते म्हणाले, "आमटी घे अजून." दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. जेवणं झाल्यावर ताईने मला कोठीत नेलं आणि दार लावलं.

"भाषण कुणासाठी होतं?"

"ताई, प्रश्न आवाजाचा नाहीच आहे. प्रश्न असा आहे की..."

"प्रश्न आवाजाचाच आहे. तुला नळी बसवायला बोलावलंय. जमत असेल तर बस. नाहीतर सकाळी पावणेसातला साताऱ्याची गाडी आहे."

मी बसलो.

माझी पहिली पसंती मोठ्या नळीला होती, आतून तेरा मिलिमीटर, बाहेरून एकोणीस. मोठी नळी, मोकळं पाणी. माझ्या स्वभावाला तेच पटणारं. पण कॅबिनेट लहान. मशीनमधली उष्णता खोलीतच सोडली तर ताई भाजून निघाली असती, म्हणून रेडिएटर झरोक्याला लावायचा ठरलं होतं, म्हणजे गरम हवा थेट बोळात जाईल. त्यामुळे नळीला कॅबिनेटमधून बाहेर पडून, मॉनिटरच्या मागून, भिंतीच्या कोपऱ्यातून वर चढायचं होतं. एकोणीसची जाड नळी त्या कोपऱ्यात वळतच नव्हती. कागदावर नकाशा काढला, पुसला, परत काढला. प्रत्येक वेळी कुठेतरी नळी भिंतीला अडायची. दोन दिवसांनी मला दिसायला लागलं की मी नळीला त्याच खोलीत जागा शोधतोय जिथे माझी बहीण वर्षभर स्वतःला जागा शोधतेय, आणि त्या विचाराने माझं डोकं आणखी तापलं. पण तो विचार पत्रकात शोभला असता. कोपऱ्यात त्याचा उपयोग नव्हता.

शिवाय वाचत गेलो तसं कळलं की मोठ्या नळीने मशीन जास्त थंड होतं हा समज आहे. पंप तोच असेल तर फरक जेमतेम. आतून दहा पुरतं. बाहेरून तेरा घेतली तर भिंत पातळ, वळणावर ती बावळटासारखी मोडते आणि पाणी अडतं. बाहेरून सोळा घेतली तर भिंत जाड, नळी गोल राहून वळते. मागवलेली फिटिंगही, मी आधी मोजलीच नव्हती, त्याच मापाची निघाली. फिटिंगला आत एक नळकांडं असतं, त्यावर नळी चढवायची, आणि बाहेरून एक आटे पाडलेली कडी आवळायची. आतलं आणि बाहेरचं, दोन्ही मापं जुळली तरच पाणी आत राहतं. दहा-सोळा. ठरलं.

नळी बाकी होती. आण्णा म्हणाले, "चल दुकानात, नळीला मी मेलोय व्हय?"

दुकानात गेल्यावर त्यांचा चेहराच बदलला. घरात मोजकं बोलणारा माणूस तिथे राजा होता. काळ्या नळ्यांची वेटोळी छतापर्यंत रचलेली. त्यांनी तुकडे कापून माझ्या हातात दिले.

"ह्यो सोळा. ह्यो वीस. द्राक्षाला सोळा. उगं डोकं लावू नगं."

"आण्णा, हा आतून किती?"

"आतनं कोन बघतंय? नळी बाहेरनं मोजायची आसती, गड्या. शेतकरी आतनं मोजत बसला तर बाग वाळंल की."

गिऱ्हाइकं हसली. मी तुकडा वाकवला, तो लगेच चपटा झाला.

"ती वळवायची न्हाई," आण्णा म्हणाले, "तिथं एल्बो लावायचा. तुमी सातारकर सगळंच वाकवाय बघता."

पुन्हा हसणं. चहा आला. मी सांगितलं की मला मऊ, पारदर्शक नळी लागते, ती पुण्याला कॉम्प्युटरच्या सामानात मिळेल. आण्णांचा माणूस दुसऱ्याच दिवशी माल आणायला पुण्याला चालला होता. "सांग, काय पायजे?"

"दहा-सोळा. तीन मीटर."

आण्णांनी चिठ्ठीवर लिहिलं. त्यांनी मोठ्या अक्षरात '१६' लिहिलं, पुढे 'मऊ, आरपार, ३ मीटर'. दहा त्यांनी लिहिलाच नाही, कारण त्यांच्या धंद्यात तो आकडा नव्हताच. "म्हंजे सोळा," ते म्हणाले.

मी चिठ्ठी पाहिली. मला दिसलं. आणि मी मान हलवली.

का हलवली, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. त्यांनी मला पहिल्यांदाच जवळ बसवलं होतं. चार माणसांत त्यांचं माप खोडायचं कसं? शिवाय भाषण करायचं नाही असं मी ताईला कबूल केलं होतं. लहानपणापासून मी कधी वाद सोडला नव्हता. तो एकदाच सोडला, आणि नेमका जिथे घालायला हवा होता तिथे.

नळी आली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली, काचेसारखी स्वच्छ. ती नळकांड्यावर सहज चढली. नवी नळी गरम पाण्यात बुडवावी लागते, अंगठे सोलवटतात, असं मी वाचलं होतं. मला वाटलं, सांगलीच्या उन्हाने मऊ पडली असेल. वरून कडी आवळली तर तीही तंतोतंत. बाहेरून सगळं असं जुळून आलं होतं की मी ताईला बोलावून दाखवलं.

आक्का दारात तांब्या घेऊन उभ्या राहिल्या. "दोनदा गाळून आनलंय पानी. मशीनला."

"आक्का, याला बॅटरीचं पाणी लागतं. साध्या पाण्यात क्षार..."

"आमचं पानी वाईट हाय व्हय रं?"

मी क्षारांवर बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ताई म्हणाली, "ह्याचं पोट नाजूक आहे, आक्का."

"भावावर गेलंय," आक्का म्हणाल्या आणि हसत तांब्या परत घेऊन गेल्या.

पाणी भरल्यावर आधी नुसता पंप चालवून बघायचा असतो. बाकी मशीन बंद ठेवायचं आणि खाली कागद पसरायचे, म्हणजे थेंब पडला तर दिसतो. ताईने बाबांच्या पत्रकांचा गठ्ठा सोडला आणि कोऱ्या बाजू वर करून अंथरायला लागली.

"ती वाटायला आणलीत," मी म्हणालो.

"इथे कुणाला वाटणार? आण्णांना?"

पंप सुरू केला. नळीतून बुडबुडे पळाले, पाणी कोपऱ्यातून वर चढलं, रेडिएटरमधून फिरून खाली आलं. ताईने माझ्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या मिनिटाला ग्राफिक्स कार्डाजवळच्या जोडावर एक थेंब फुगला. तो पडायच्या आत दुसरा आला, मग धारच लागली. मी बटण बंद करायला वळलो तर खुर्ची मध्ये. ती ढकलून हात पोचेपर्यंत पाणी कार्डावरून ओघळून पत्रकांवर पसरलं होतं. पलीकडच्या बाजूची छापील अक्षरं ओल्या कागदातून उलटी दिसायला लागली.

ताई ओरडली नाही. साताऱ्याला ती झुरळ दिसलं तरी गल्ली गोळा करायची. इथे तिने ओढणी काढून जोडाखाली धरली आणि हळू आवाजात विचारलं, "कार्ड गेलं का?"

"माहीत नाही. वाळवून बघायला लागेल."

"अक्षय तृतीयेला पाच दिवस आहेत."

कार्ड काढून आम्ही गच्चीवर सावलीत ठेवलं. मग मी, जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. पिशवीतून मोजपट्टी काढली, व्हर्निअर, आणि नळी आतून मोजली. तेरा. बाहेरून सोळा, आतून तेरा, अगदी द्राक्षाच्या ठिबकाच्या नळीसारखी. दहाच्या नळकांड्यावर ती सैल लोंबत होती, आणि बाहेरची कडी ते झाकत होती.

मी उठलो. ताईने शर्टाला धरलं.

"कुठे?"

"दुकानात. आण्णांनी चिठ्ठीवर नुसतं सोळा लिहिलं. त्यांना सांगायला नको?"

"लिहिलं तेव्हा तू काय केलंस?"

मी हातातली मोजपट्टी उघडली, मिटली.

"मान हलवलीस ना?"

"तुला कसं कळलं?"

"मी रोज हलवते," ती म्हणाली. मग शर्ट सोडला. "आता जाऊन तू त्यांची चूक काढलीस की ते म्हणतील, नको ही कटकट, न्या मशीन माळ्यावर. खरं कोण आणि खोटं कोण हे ठरेल, आणि मशीन जाईल. तुला काय हवंय?"

मला खरं कोण तेच ठरवून हवं होतं. लहानपणापासून मला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. मी परत खाली बसलो. त्या आठ बाय सहाच्या खोलीत दोघांना बसायला एकच खुर्ची होती, म्हणून मी ओल्या पत्रकांवर बसलो.

आण्णा दुकानातून आले तसे दारात डोकावले. "झालं का रं?"

"नळी चुकली, आण्णा. माझी चूक."

"सोळाच आनली की बराबर."

"हो, सोळाच आहे. मला आतून दहाची पाहिजे होती."

त्यांनी नळी उचलून तिचं तोंड डोळ्यांपुढे धरलं. करंगळी आत घालून बघितली. "मग तवाच बोलायचं न्हाई?"

"बोलायला हवं होतं."

"जेवताना तर लय बोलत हुतास." ते हसले, पण वाईट हसले नाहीत. "कुपवाडला जा. कारखान्यास्नी लागणाऱ्या नळ्या मिळत्यात तिथं. ती मानसं आतनं मोजत्यात."

दाजी कुपवाडच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून आले आणि मला मोटारसायकलवर घेऊन परत कुपवाडला वळले. पाळी नुकतीच सुटली होती, समोरून दुचाक्यांचा लोंढा येत होता आणि आम्ही उलटे चाललो होतो. दाजी मागे न बघता म्हणाले, "एकदा आवाज गेला की सगळं नीट होईल बघ." हे ते मनापासून बोलत होते. या माणसाबद्दलही पत्रक काढता येणार नव्हतं.

पत्र्याच्या शेडमधल्या एका दुकानात काउंटरवरच्या माणसाने मी काही बोलायच्या आत विचारलं, "आत किती? बाहेर किती?" मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. दहा-सोळा, तीन मीटर. दोनदा मोजून घेतली.

ही नळी मात्र चढता चढेना. ताईने पातेल्यात पाणी गरम केलं. मी नळीचं टोक बुडवायचो आणि अंगठ्याने दाबून चढवायचो. ताई फिटिंग घट्ट धरायची. दोन्ही अंगठ्यांना फोड आले. एकदा माझा हात निसटून तिच्या कपाळावर बसला, तर ती म्हणाली, "मार, सासरी एवढंच राहिलं होतं." आम्ही दोघं हसलो, आणि मग दोघंही एकदम थांबलो. पंप पुन्हा चालवला. दुपारभर चालवला. खाली नव्याने अंथरलेली पत्रकं कोरडी राहिली.

कार्ड वाचलं होतं. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी ताईने एक पूर्ण लग्न तयार करायला लावलं, मशीनला जेवढा ताण देता येईल तेवढा दिला. पंखे हळू फिरत होते. आक्का शेजारच्या खोलीत दुपारच्या झोपल्या होत्या, त्या उठल्या नाहीत. आण्णांनी कॅबिनेटवर तळवा ठेवला. "चालू हाय का बंद?"

"चालू आहे, आण्णा. पडद्यावर बघा की," मी म्हणालो.

"राहू दे मग हितंच," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बाबांचा फोन आला. कशी आहे ती? मजेत, मी म्हणालो. घरच्या घरी बाई कसं काम उभं करते यावर एक पत्रक काढावं असं त्यांच्या मनात होतं. मी म्हणालो, बघू.

माझं काम झालं होतं. पण जोड दोन दिवस डोळ्यांखाली असावेत म्हणून मी राहिलो, आणि त्या दोन दिवसांत मी काय करून ठेवलंय ते मला बाहेरच्या खोलीत बसून बघावं लागलं.

आता दार लावायचं कारण उरलं नव्हतं. उघड्या दारातून ताईची पाठ दिसायची, आवाज काहीच नाही. आक्का म्हणायच्या, "अगं, मशीन बंद हाय न्हवं? जरा शेंगा सोल."

"चालू आहे, आक्का."

"आवाज तर न्हाई."

ताई उठायची, शेंगा सोलून यायची, बसायची. शेजारची बाई आली, थेट आत गेली आणि टेबलाला टेकून गप्पा मारायला लागली. आण्णांना एक पत्र टाईप करून हवं होतं. "बसलीच हायस तर..." दाजींना मोटारसायकलची चावी सापडेना, तीही ताईनेच शोधायची. कुणी रागावून हाक मारत नव्हतं. सगळे प्रेमानेच मारत होते. पूर्वी पंख्यांची ती गिरणी सुरू झाली की घर वैतागायचं, पण त्या दाराकडे फिरकायचं नाही. ती कामात आहे हे सांगणारी घरातली एकमेव गोष्ट तो आवाज होता, आणि तो मी फोड आलेल्या अंगठ्यांनी बंद केला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला बसवेना. मी कोठीत गेलो. तिने सकाळपासून एका लग्नाची फक्त हळद पुरी केली होती.

"मी आण्णांशी बोलतो."

"काय बोलशील?"

"की ही तुझी कामाची वेळ आहे. या वेळात हाक मारायची नाही."

"ते हो म्हणतील. आक्काही हो म्हणतील. दोन दिवस पाळतील." ती पडद्याकडेच बघत होती. "वाईट माणसं असती तर मी कधीच भांडले असते रे."

आमच्या घरच्या कुठल्याच कागदावर या वाक्याचं उत्तर नव्हतं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "रेडिएटरच्या पंख्यांचा वेग वाढवता येतो का?"

"येतो. पण गरज नाही, मशीन थंड आहे."

"मशीनसाठी नाही विचारत."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी पंख्यांच्या वेगाची कळ फिरवायला टेबलाखाली शिरलो. ताई बाहेर गेली. आधी आक्कांच्या खोलीत जाऊन उभी राहिली, तिथे काही ऐकू यायला नको होतं. मग सोप्यात, मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी. मी वेग थोडा थोडा वाढवत होतो आणि ती बाहेरून हलकेच सांगत होती: "अजून... अजून थोडा... आता जास्त झाला, कमी कर... थांब." शेवटी एक बारीक घरघर उरली. आक्कांच्या खोलीत ती पोचत नव्हती, दारापुढून जाणाऱ्याला मात्र ऐकू येत होती. तेवढाच आवाज ताईने स्वतःसाठी मोजून घेतला.

तेवढ्यात आण्णा आले. चपला काढता काढता थांबले.

"आवाज हाय की अजून."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी ओठ मिटून धरले. ताई उंबऱ्यात उभी होती.

"एवढा राहणार, आण्णा," ती म्हणाली.

आण्णांशी बोलताना मी तिच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य, ज्याच्या शेवटी प्रश्न नव्हता. आण्णांनी तिच्याकडे बघितलं, मग आक्कांच्या खोलीकडे वळून हाक मारली, "अगं, तुला तरास हुतोय का ह्या आवाजाचा?"

आक्का बाहेर आल्या. कोठीपुढे उभ्या राहिल्या, अगदी दारापुढे, जिथे तो ऐकू येतोच. ताईच्या तोंडाकडे बघितलं.

"कसला आवाज?" त्या म्हणाल्या.

आण्णा हातपाय धुवायला गेले. ताई आत गेली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग आतून कडी लागली. घरघर चालू होती. खिडकी नव्हतीच, झरोकाही आता रेडिएटरने बुजला होता.

माझा स्क्रूड्रायव्हर टेबलाखाली राहिला होता. संध्याकाळच्या गाडीने निघायचं होतं, म्हणून मी दार वाजवायला हात उचलला. आक्का सोप्यात शेंगा घेऊन बसल्या होत्या.

"आता नगं," त्या म्हणाल्या. "कामात हाय ती. हितं बस, ह्या सोल."

मी बसलो आणि शेंगा सोलायला घेतल्या. अंगठे अजून दुखत होते.